गाव माण, पत्ता हिंजवडी

(माण, ता. मुळशी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, किंचित संक्षेपाने)



‘समकालीन संस्कृती, प्रसारमाध्यमे आणि अभिजनवर्ग’ असा भारदस्त विषय संयोजकांनी मला नेमून दिला आहे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविल्यामुळे मला एक खोड जडली आहे. विषय कितीही मोठा असो, त्याचा हिशेब जमिनीवर कोठे मांडता येईल हे मी आधी पाहतो. आज तो हिशेब याच गावात मांडावयाचा आहे.

सकाळी बसने येताना शेजारच्या तरुणाला मी विचारले, ‘माण आले का हो?’ तो अदबीने म्हणाला, ‘माण माहीत नाही, काका. मी फेज थ्रीला उतरतो.’ माणच्या जमिनीवर उभ्या असलेल्या इमारतीत रोज दहा तास बसणाऱ्या त्या मुलाला माण ठाऊक नव्हते. हा त्याचा अपराध नव्हे. त्याच्या नेमणूकपत्रावर हिंजवडी, वर्तमानपत्रात हिंजवडी, टॅक्सीच्या नकाशावरही हिंजवडी. नाव कोणाचे घ्यावयाचे हे जो ठरवितो, तोच पुढे पुष्कळ गोष्टी ठरवितो. म्हणून मी नावापासूनच सुरुवात करतो.

राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहू लागले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने त्यासाठी हिंजवडी व माण परिसरातील जमिनी घेतल्या आणि उद्यानाचा तिसरा टप्पा माणच्या शिवारात आला. १८ डिसेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ज्या मेट्रो मार्गाची पायाभरणी झाली, तो शिवाजीनगरपर्यंतचा सुमारे २३ किलोमीटरचा मार्ग याच बाजूने निघतो. त्याच्या गाड्यांचे आगारही माणलाच. एवढे सारे ज्या गावाने दिले, ते गाव बातमीत क्वचितच दिसते. आणि दिसते तेव्हा ‘भूसंपादनात अडथळा’ म्हणून दिसते.

२०२५ च्या जून महिन्यात पहिल्याच मोठ्या पावसात उद्यानातले रस्ते पाण्याखाली गेले. पाण्यातून वाट काढणाऱ्या बसगाड्या आणि अडकून पडलेल्या मोटारी साऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या. लगोलग कंपन्या परराज्यात निघून जातील अशी भीती व्यक्त झाली, आणि हा सारा भाग महापालिकेत घ्यावा ही मागणी जोराने पुढे आली. त्या तरुण नोकरदारांचे हाल खरे होते, त्यांची चीडही रास्त होती. परंतु पाणी का तुंबले? नैसर्गिक प्रवाह बांधकामांनी बुजविले आणि अडविले गेले, ही गोष्ट पुढे प्रशासनाच्या पाहणीतही आली. काल मला येथे एक वयोवृद्ध शेतकरी भेटले. ते म्हणाले, ‘ओढा कुठं जातोय, सर? त्याच्या अंगावर घर बांधलं, तरी पावसाळ्यात तो आपल्या घरी येतोच.’

हे वाक्य कोणत्याही तज्ज्ञ समितीच्या अहवालात शोभले असते. पण जमिनी आखताना, आराखडे करताना, इमारतींना परवानगी देताना या गृहस्थांना कोणी विचारले होते काय? आणि रस्ते बुडाल्यावर किती वार्ताहर त्यांच्या ओट्यावर येऊन बसले? ज्ञान या गावात होते. त्याला प्रतिष्ठा नव्हती. आमच्या काळातील अभिजनसंस्कृतीचे याहून स्पष्ट लक्षण मला सांगता येणार नाही.

अभिजन म्हणजे श्रीमंत, अशी सोपी व्याख्या आपण करतो. मला ती अपुरी वाटते. ज्याची गैरसोय बातमी होते आणि ज्याच्या सोयीपायी झालेली इतरांची गैरसोय बातमी होत नाही, तो अभिजन. या व्याख्येत अब्जाधीश येतो, तसाच कधी कधी तुम्ही-आम्हीही येतो.

असे का घडते, याचे उत्तर संपादकांच्या दुष्टपणात शोधण्याचे कारण नाही. ते वर्तमानपत्राच्या जमाखर्चात आहे. आपण अंकासाठी जी किंमत मोजतो, तिच्यात पुष्कळदा कागद आणि छपाईचाही खर्च भागत नाही. उरलेला खर्च जाहिरातदार भागवितो. जाहिरातदाराला वाचक हवा असतो तो सदनिका किंवा मोटार घेऊ शकणारा. तेव्हा वर्तमानपत्र आपल्याला बातमी विकते हा आपला समज अर्धवट आहे. ते आपले लक्ष जाहिरातदाराला विकते. ज्याच्या लक्षाला बाजारात भाव नाही, त्याच्या दुःखालाही स्तंभात जागा नाही. दूरचित्रवाणीने हाच व्यवहार अधिक आरडाओरडा करून चालविला आणि हातातल्या फोनने तो घराघरात नेला. १९७५ साली बातमी दडपण्यासाठी सरकारला सेन्सॉर नेमावा लागला होता. आज पुष्कळ बातम्या कोणी दडपत नाही. त्या मुळात गोळाच होत नाहीत.

हे आजच सुरू झाले असेही नाही. १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. आणि आपण बसलो आहोत तो तर मुळशी तालुका. १९२१ च्या एप्रिलमध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध याच तालुक्यात सत्याग्रह उभारला. ‘जान किंवा जमीन’ ही मावळ्यांची घोषणा होती. विजेची गरज मुंबईला, बुडणार होते मुळशीचे खोरे. पुण्यातील पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी आरंभी पाठिंबा दिला. पण त्या खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती, आणि त्यांना हवी होती भरपाई. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाच्या अभ्यासात हा ताण दाखवून दिला आहे. शेवटी धरण झाले. सावकाराला पैसे मिळाले आणि कुळाला वाट दाखविण्यात आली. त्याच धरणाखालून येणारी मुळा पुढे म्हाळुंगे-वाकडवरून वाहते. आज आपण जे पाहतो आहोत, ते त्याच नदीकाठचे आणखी एक प्रकरण आहे.

परंतु सारा दोष शहरावर टाकून आपण टाळ्या वाजविल्या, तर ती आत्मवंचना होईल. सावकार आता गावातही आहे. जमिनीला भाव आला तेव्हा काहींनी शहाणपणाने पैसा राखला, पुष्कळांचा तो लग्ने, मोटारी आणि भागीदारीच्या फसव्या करारांत विरघळला, आणि थोडे लोक स्वतःच बांधकामाचे, टँकरचे, खडी-वाळूचे, मजूर पुरविण्याचे ठेकेदार झाले. चौकातील फलकांवर त्यांचे वाढदिवस साजरे होतात. त्या फलकावर वर नेत्याचे चित्र असते आणि खाली पन्नास तरुणांचे चेहरे. ही तरुण मुले त्या फलकापलीकडे काय करतात, हे मी मुद्दाम विचारले. कोणी ठेकेदाराची गाडी चालवितो, कोणी कंपनीच्या फाटकावर रखवालीला उभा असतो, कोणी नुसताच वाट पाहतो. आजोबांची जमीन ज्या इमारतीखाली गेली, तिच्याच दारात नातू पाहुण्यांची नोंदवही सांभाळतो. आणि त्याची नोकरी कंपनीकडे नसते, ठेकेदाराकडे असते.

हा कंत्राटी कामगार हाच येथला खरा मूक माणूस आहे. झाडलोट, रखवाली, उपाहारगृह, बसचालक – यांच्यावाचून या उद्यानाचा एक दिवसही जाणार नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने त्यांना थोडे संरक्षण दिले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या. मूळ कायदा २० कंत्राटी कामगारांपासून लागू होत असे. नव्या संहितेत ती मर्यादा ५० आहे. लहान ठेकेदाराकडील माणूस त्या प्रमाणात अधिक उघडा पडतो. या बदलावर किती वाहिन्यांवर चर्चा झाली, हे तुम्हीच आठवून पाहा.

आणि वरच्या मजल्यावरचा तो तरुण? तो स्वतःला कामगार समजत नाही. २०२५ च्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन हलली. पण कोणाकडे जावे हे त्याला उमगले नाही. त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे, की ज्या रविवारची तो आठवडाभर वाट पाहतो, तो त्याला कोणत्याही मनुष्यबळ विभागाने दिलेला नाही. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० मध्ये ती सुट्टी मिळविली. चळवळ आणि वृत्तपत्र ही दोन्ही कामे त्या एका माणसाने केली, हे विशेष.

आता थोडे आपल्याविषयी. हे सारे त्या तरुणाला सांगावयाचे कोणी? पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या फाटकांवर आपल्या सभा होत असत, तेव्हा आपण कामगाराची भाषा बोलत होतो. पुढे फाटके बदलली आणि आपण सभागृहांत शिरलो. मी स्वतः वर्षानुवर्षे उपेक्षितांवर लेख लिहिले. ते वाचले माझ्यासारख्यांनीच. माण हे नाव या निमंत्रणापूर्वी मीदेखील फारसे उच्चारले नव्हते. मघाची व्याख्या मी स्वतःला लावून पाहिली, तेव्हा मला फारसे समाधान वाटले नाही.

म्हणून शेवटी सिद्धान्त न सांगता तीन साधी कामे सुचवितो. पहिले, या परिसरातील जुन्या ओढ्यांची, पाणवठ्यांची आणि वाटांची माहिती वृद्धांकडून लिहून घ्या आणि ती ग्रामसभेपुढे ठेवा. महापालिका येवो अथवा न येवो, तो कागद उपयोगी पडेल. दुसरे, येथे भाड्याने राहणाऱ्या आणि मतदारयादीत नसलेल्या हजारोंना ‘बाहेरचे’ म्हणणे थांबवा. त्यांना नाव नोंदवावयास लावा आणि ग्रामसभेत आणा. तिसरे, एक पानाचे पाक्षिक काढा. त्यात कंत्राटी कामगाराची पगारपावती असू द्या, टँकरचा दर असू द्या आणि अभियंत्याच्या रद्द झालेल्या रजेची हकीकतही असू द्या. ते चहाच्या टपरीवर चिकटवा. या तिघांना जेव्हा एकाच कागदावर आपापले दुःख वाचावयास मिळेल, तेव्हाच आपण एकाच पाण्यात उभे आहोत हे त्यांना कळेल.

परतीच्या बसमध्ये तो तरुण पुन्हा भेटला, तर मी त्याला आजच्या सभेची हकीकत सांगणार आहे. ‘माण कोठे आहे?’ असे त्याने विचारलेच, तर त्याला खाली, पायांकडे पाहावयास सांगेन.