व्यक्ती तितक्या प्रकृती

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण मराठी घरांत बहुधा स्वभावाविषयी उच्चारली जाते. आणि 'प्रकृती कशी आहे?' या प्रश्नात अभिप्रेत असते ते स्वास्थ्य. आयुर्वेदात मात्र या शब्दाचा अर्थ अधिक नेमका आहे. गर्भधारणेच्या वेळी वात, पित्त व कफ यांचे जे प्रमाण ठरते, ती त्या व्यक्तीची प्रकृती. ती जन्मभर सोबत करते. एकेका दोषाच्या प्राधान्याने तीन, दोन दोषांच्या संयोगाने तीन आणि तिन्ही समान असता एक, असे तिचे सात प्रकार सुश्रुतसंहितेत सांगितले आहेत.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील वर्णने आजही ओळखीची वाटतात. वातप्रकृतीचा मनुष्य कृश, चपळ, बोलका. त्याची झोप थोडी. पित्तप्रकृतीच्या माणसाला भूक-तहान आवरत नाही, उष्मा सोसत नाही, केस लवकर पिकतात. कफप्रकृतीचा मनुष्य स्थिर, सावकाश. त्याची भूक बेताची. ही तिन्ही माणसे एकाच घरात एका पंक्तीला बसतात. एकादशीला दुपारपर्यंत एक जण प्रसन्न असतो, तर दुसऱ्याचे डोके ठणकू लागते. येथे प्रश्न निष्ठेचा नसून जठराग्नीचा असतो. उपवास न झेपणाऱ्या सुनेला वा नातवाला नावे ठेवण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले, तरी शास्त्राचा मोठा लाभ घरात पोहोचेल.

आधुनिक विज्ञानही या विचाराकडे जिज्ञासेने पाहत आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ३,४१६ निरोगी पुरुषांतून २६२ जण निवडले गेले. त्यांत पीजीएम-१ या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध आढळला. ही सुरुवात आहे, अंतिम निर्णय नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने देशव्यापी प्रकृती परीक्षण अभियान आरंभिले आणि हा विषय घरोघरी पोहोचला.

येथेच सावधानता हवी. रुग्णपरीक्षेसाठी चरकाने दहा गोष्टी सांगितल्या : प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. प्रकृती त्यांतील पहिली, एकमेव नव्हे. प्रकृती म्हणजे रोग नव्हे आणि प्रकृतीचे नाव कळणे म्हणजे रोगनिदान नव्हे. 'शरीर कफाचेच' म्हणून मधुमेही रक्ततपासणी टाळू लागला, किंवा 'पित्ताचा स्वभाव' म्हणून घरधनी संतापाचे समर्थन करू लागला, तर तो शास्त्राचा दुरुपयोगच होय.

प्रकृती बदलत नाही. आहार, निद्रा आणि व्यायाम यांची शिस्त मात्र आपल्या हाती असते. स्वतःची प्रकृती ओळखून संयम पाळावा आणि दुसऱ्याची ओळखून त्याला सांभाळून घ्यावे, यातच या ज्ञानाचे सार्थक आहे.