गाडीचा तळ आणि जवसाचें तेल

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या आगगाडीनें आपटा सोडला, कीं पेण तालुक्यांतील जिते हें लहानसें स्थानक लागतें. हा मुलूख भातशेतीचा. येथें ज्याची गाडी लांकडी तळाची आहे, मग ती बैलाची असो वा ट्रॅक्टरला जोडावयाची, त्याचें वर्षाचें धान्य त्या फळ्यांवरूनच घरीं येतें. एक फळी आंतून कुजली, तर भाराखालीं ती केव्हां मोडेल याचा नेम नाहीं.

रायगड जिल्ह्यांत वर्षास सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. तथापि नुसत्या पाण्यानें लांकूड कुजत नाहीं. तळ्याच्या गाळांत पुरलेला खांब वर्षानुवर्षें टिकतो, कारण तेथें बुरशीला हवा मिळत नाहीं. लांकडांतील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा २० हून फार वर गेली आणि जोडीला हवा असली, म्हणजे बुरशीचें फावतें. फळ्यांच्या सांधींत साचलेला चिखल नेमकी हीच सोय करून देतो. दिसावयास सुरेख असा रंगहि येथें दगा देतो. त्याला तडा गेला, कीं आंत शिरलेलें पाणी सहसा बाहेर पडत नाहीं.

जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. खोबरेल तसें होत नाहीं, म्हणून तें निरुपयोगी. मात्र जवसाचें तेल पाण्याला अडवितें, बुरशीला मारीत नाहीं. मारण्याचें काम दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलें क्रिओसोट करतें. इंग्लंडांत जॉन बेथेल यानें १८३८ मध्यें तें दाबाखालीं लांकडांत मुरविण्याचें पेटंट घेतलें, आणि रेल्वेच्या लांकडी स्लीपरांना त्यानें दीर्घायुष्य दिलें. पण तें विषारी. धान्याच्या गाडीस तें नको. इंजिनांतून काढलेलें काळें तेल फुकट मिळतें खरें, परंतु तें वाळत नाहीं आणि त्यांतील काजळी व धातूंचे कण पोत्याला लागतात.

तेल द्यावयाचें तें चैत्र-वैशाखांत, फळ्या घासून कित्येक दिवस उन्हांत वाळल्यावर. ओल्या लांकडावर तेल दिलें, तर ओल आंतच कोंडते. उकळलेलें जवसाचें तेल घेऊन पहिला हात टर्पेंटाईननें पातळ करावा. फळ्यांची खालची बाजू आणि विशेषतः कापलेलीं टोंकें विसरूं नयेत. पाणी सर्वांत अधिक शिरतें तें टोंकांतूनच. अर्ध्या तासानें न मुरलेलें तेल पुसून काढावें.

त्या पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नये. तेल वाळतांना उष्णता उत्पन्न होते, आणि असा बोळा आपोआप पेट घेतो. जवळ पेंढ्याची उडवी असली, म्हणजे मग गाडी काय आणि गोठा काय! चिंध्या पाण्यांत भिजवाव्या, अथवा उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्या.