एकही सामना न जिंकलेला संघ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)





दरवर्षी या व्यासपीठावरून आपण यशाच्या वार्ता ऐकतो. कुणाच्या मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतो, कुणाच्या मुलाने शिष्यवृत्ती मिळविलेली असते. त्या ऐकून आम्हांलाही अभिमान वाटतो. आज मात्र संयोजकांच्या अनुमतीने आम्ही अपयशाची हकीकत सांगणार आहोत. गेल्या हिवाळ्यात आम्ही शाळकरी मुलींच्या एका नव्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक होतो. संघ दहा सामने खेळला आणि दहाही हरला.

डॉक्टरी करणाऱ्या माणसाने या फंदात का पडावे, असा प्रश्न आपणांस पडेल. आमच्या धाकट्या कन्येच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलांचा संघ होता, मुलींचा नव्हता. मुलींनी अर्ज केला, शाळेने संमतीही दिली. परंतु प्रशिक्षक मिळेना. प्रशिक्षक न मिळाल्यास संघ रद्द होईल, असे पत्र घरी आले. या खेळाशी आमचा संबंध एवढाच, की विद्यार्थिदशेत वसतिगृहामागच्या सिमेंटच्या मैदानावर संध्याकाळी चार चेंडू टाकले होते. तेवढ्या भांडवलावर आम्ही होकार कळविला.

अंगावर काम आले की आधी वाचावे, ही आमची जुनी सवय. वाचता वाचता पुष्कळ कळले. हा खेळ १८९१ च्या डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला. नेस्मिथ मूळचे कॅनडाचे, बालपणीच आईवडिलांना पारखे झालेले. हिवाळ्यात छपराखाली खेळता यावे म्हणून त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्ज्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. पुढे ते डॉक्टर झाले आणि कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षकही झाले. तेथे त्यांच्या संघांनी ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले ते एकटेच! हे वाचून आम्हांला किती धीर आला, ते सांगता येत नाही.

मुलींना हा खेळ शिकविला तो सेंडा बेरेन्सन यांनी, १८९२ मध्ये स्मिथ कॉलेजात. त्याही लिथुआनियातून लहानपणी या देशात आलेल्या एका ज्यू कुटुंबातल्या. मुलींना श्रम झेपणार नाहीत, या समजुतीमुळे मैदानाचे तीन भाग पाडण्यात आले आणि कुणीही आपला भाग ओलांडायचा नाही, असा नियम झाला. अर्ध्या मैदानात अडकलेला सहा जणींचा खेळ आयोवा राज्यात तर १९९३ पर्यंत चालू होता. १९७२ साली ‘टायटल नाईन’ हा कायदा झाला. केंद्र सरकारचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगी म्हणून भेदभाव करण्यास त्याने बंदी घातली. त्यापूर्वी, १९७१-७२ मध्ये, या देशातील हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखही नव्हत्या; आज त्या तीस लाखांहून अधिक आहेत. कायद्याचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. परंतु कायदा दार उघडतो. आत पाऊल टाकणाऱ्यांचा हात कुणीतरी धरावा लागतो.

आता आमच्या संघाकडे वळू. अकरा मुली आल्या. त्यांतील सात जणींनी कधी चेंडू टप्प्याने नेला नव्हता. पहिला सामना ३८ विरुद्ध ४ असा हरलो. एका मुलीने तर गोंधळून आपल्याच बाजूच्या टोपलीत चेंडू टाकला. मुली हसल्या, आम्ही मात्र हसलो नाही. दुसरा हरलो, तिसरा हरलो, आणि आमच्या मनात एक हट्ट शिरला. एकदा तरी जिंकायचेच! चौथ्या सामन्यात आम्ही त्यातल्या त्यात बऱ्या पाच जणींना सतत खेळविले आणि उरलेल्या सहा जणींना बाकावर बसवून ठेवले.

त्या पाचांत एक उंच, शांत मुलगी होती. ती सारखी मागे पडू लागली, कमरेवर हात ठेवून उभी राहू लागली. आम्ही सर्वांदेखत ओरडलो, “पळायचे नसेल तर बाकावर जाऊन बस!” ती काही न बोलता जाऊन बसली. सामना आम्ही हरलोच.

परतताना गाडीत कन्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, तिला जिना चढतानासुद्धा धाप लागते. दिवसभर बर्फ चघळत असते. ती तुमच्या दवाखान्यात आली असती, तर तुम्ही तिच्यावर ओरडला असता का?”

बंधू-भगिनींनो, आम्ही गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. सतत बर्फ चघळावासा वाटणे हे शरीरात लोह कमी असल्याचे लक्षण आहे, हे वैद्यकाचा विद्यार्थीही जाणतो. तीस वर्षे रोगी तपासणाऱ्या आम्हांला ते दहा फुटांवरून दिसले नव्हते, कारण आमचे डोळे गुणफलकावर होते.

त्याच रात्री आम्ही तिच्या आईला दूरध्वनी केला आणि त्यांच्या डॉक्टरांकडे नेण्याची विनंती केली. हिमोग्लोबिन बरेच खाली होते, लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. मासिक पाळीचा अधिक रक्तस्राव तिने संकोचाने कुणाला सांगितला नव्हता. पुढच्या सरावाला आम्ही सर्व मुलींसमोर तिची क्षमा मागितली. आज ही हकीकत तिच्या आणि तिच्या पालकांच्या अनुमतीनेच सांगत आहोत.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. प्रत्येक सामन्यात अकराही जणी खेळतील, हे ठरले. गुणांऐवजी चेंडू एकमेकींना किती वेळा नीट दिला, ते मोजू लागलो. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देण्याचा व्यायाम रोज पंधरा मिनिटे घेतला. कारण गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचा धोका या वयापासून मुलींना मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि अशा व्यायामाने तो कमी होतो. औषध सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर, तिच्या डॉक्टरांच्या परवानगीने, ती मुलगी आठव्या सामन्यात परतली. दहावा सामना आम्ही २४ विरुद्ध २१ असा हरलो. शेवटची शिटी वाजली तेव्हा मुली रडल्या, आणि आमचेही डोळे कोरडे नव्हते.

हंगामाच्या मध्यावर एका पालकांनी आम्हांला विचारले होते, “हरणाऱ्या संघात वेळ घालविण्यापेक्षा गणिताची शिकवणी बरी नव्हे का?” आम्ही त्यांना दोष देत नाही. आपण सारे परीक्षा जिंकत येथवर आलो. एका परीक्षेत घसरलो असतो तर मागे सावरायला ना जमीन होती, ना वशिला. ते भय खरे होते आणि आमच्या पोटात ते अजून आहे. परंतु ते मुलांच्या जेवणाच्या डब्यात भरून देण्याचे कारण उरलेले नाही. हरण्याचे भय बसलेले मूल आपले दुखणेही लपविते. आमच्या त्या खेळाडूने तेच केले होते, आणि लपविण्यास भाग पाडणाऱ्यांत आम्हीही होतो.

म्हणून येथील आयाबापांना तीन विनंत्या आहेत. मुलगी लवकर थकते, फिकट दिसते, बर्फ चघळते, असे आढळले तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासून घ्या. जेवणाबरोबर चहा देऊ नका, त्याने अन्नातील लोह कमी शोषले जाते. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा. आणि मुलीचा सामना पाहावयास जा, ती हरणार असली तरी. किंबहुना तेव्हा तर जाच.

अकरा मुलींनी हंगाम सुरू केला होता, अकराही शेवटपर्यंत टिकल्या. यंदा सतरा जणींनी नावे नोंदविली आहेत. प्रशिक्षक म्हणून शाळेने पुन्हा आम्हांलाच विचारले. आमची कामगिरी ठाऊक असूनही विचारले, याचे आम्हांला नवल वाटते. आम्ही होकार दिला आहे.