न खेळलेल्या सोडतीचे बक्षीस

गेल्या पावसाळ्यात आमच्या मावशींच्या पत्त्यावर एक जाडसर लिफाफा आला. पोस्टमनने सही घेऊन तो हाती दिला, तेवढ्यानेच त्याला सरकारी भारदस्तपणा प्राप्त झाला. आत अभिनंदनाचा मजकूर, खाली निळी गोल मोहोर आणि चंदेरी मुलामा दिलेले एक कार्ड होते. रुपयाच्या कडेने ते खरवडताच ‘प्रथम पारितोषिक : मोटारगाडी’ ही अक्षरे उमटली. मावशींनी कोणत्याही सोडतीत भाग घेतला नव्हता. परंतु दैव उघडायचे तर ते अर्ज मागत नाही, अशी त्यांची श्रद्धा. पत्रातल्या क्रमांकावर दूरध्वनी केला, तर पलीकडचा गृहस्थ त्यांना ‘आई’ म्हणत होता आणि नोंदणीचे साडेसहा हजार तेवढे आजच भरा, असे आर्जवाने सांगत होता. सुदैवाने त्याच दुपारी समोरच्या बिऱ्हाडातही एक प्रथम पारितोषिक येऊन पडले, म्हणून मावशी वाचल्या.

या पत्रांतील खरी कारागिरी मोटारीच्या चित्रात नसून रकमांच्या क्रमात असते. नोंदणीमागून कर, करामागून विमा, विम्यामागून वाहतूकखर्च असे हप्ते निघत जातात. आणि दुसरा हप्ता मनुष्य मोटारीच्या लोभाने नव्हे, तर पहिला बुडू नये या धास्तीने भरतो. म्हणून अशा माणसाला लोभी म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते.

बक्षिसाच्या आमिषाचा हा प्रकार आजचा नव्हे. वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांना एके काळी असा ऊत आला होता, की मुंबई सरकारला १९४८ साली त्यांच्या नियंत्रणाचा कायदा करावा लागला आणि १९५२ साली परराज्यांत छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणाव्या लागल्या. बंगळूरच्या एका साप्ताहिकाच्या चालकांनी त्याविरुद्ध दाद मागितली. परंतु जेथे अनेक शब्द सारखेच चपखल बसतात आणि संपादकाने आधीच ठरवून ठेवलेला शब्द तेवढा बरोबर ठरतो, तेथे बुद्धीचा नव्हे तर नशिबाचाच कस लागतो, आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण मागता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये दिला.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा याच्याही पुढे गेला आहे. देण्याचा इरादा नसताना बक्षीस जाहीर करणे, किंमत मालातच वसूल करून ‘मोफत’ म्हणणे, एवढेच काय, योजना संपल्यावर अंतिम निकाल दडवून ठेवणे, हीदेखील त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण कायद्याला पकडायला दुकान लागते. मावशींच्या पत्रावर दुकानाचा पत्ताच नव्हता, होता तो नुसता एक टपालपेटी क्रमांक!

तेव्हा असे पत्र आल्यास लिफाफा फाडून टाकू नये, कारण ते कोणत्या टपालकचेरीतून निघाले याचा पुरावा त्यावरील शिक्क्यातच असतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बँकेतून किंवा मोबाइलवरून पैसे गेलेच असतील, तर घटकाभरही न दवडता १९३० वर कळवावे. उशीर झाला की रक्कम दहा खात्यांतून फिरून निघून जाते.

मावशींचा लिफाफा अद्याप देव्हाऱ्याजवळच्या फळीवर आहे. पुरावा म्हणून ठेवला आहे, असे त्या म्हणतात. मोटारीची आशा त्यांनी सोडली आहे, असे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.