भय कोणाचें?

मीरा-भाईंदरच्या हद्दींत, वसईच्या खाडीच्या कांठीं, घोडबंदरचा जुना पोर्तुगीज किल्ला आहे. १७३७ सालीं मराठ्यांनीं तो घेतला. त्यापूर्वीं येथें राज्य करणारे पोर्तुगीज आफ्रिकेंतून माणसें विकत आणीत आणि हिंदुस्थानांतील आपल्या वसाहतींत त्यांना गुलाम म्हणून राबवीत. अशा ओसाड वास्तूंत रात्रीं पाऊल वाजलें कीं कल्पनेला भूत दिसूं लागतें. परंतु तें भूत कोणाचें? किल्लेदाराचें, कीं त्याच्या गुलामाचें? भयकथेचें सारें मोल या प्रश्नावर ठरतें.

अमेरिकेंत मार्गारेट गार्नर नांवाची एक गुलाम स्त्री १८५६ सालीं मुलाबाळांसह केंटकीहून पळाली. पाठलाग करणाऱ्यांनीं गांठतांच तिनें पोटच्या मुलीला स्वहस्तें ठार केलें. मुलगी गुलामगिरींत परत जाऊं नये, एवढाच हेतु. या घटनेवरून टोनी मॉरिसन यांना ‘बिलव्हड’ (१९८७) ही कादंबरी सुचली. तींत मेलेली मुलगी आईच्या घरीं परत येते. वाचकाच्या अंगावर कांटा येतो, तो मात्र भुतामुळें नव्हे. आईला मरणच दयाळू वाटावें, असें जगणें माणसांनीं माणसांवर लादलें, याचें तें भय आहे.

आपल्याकडे माणसाची किंमत जन्मावरून ठरविणारी व्यवस्था म्हणजे अस्पृश्यता. जे समाज तिचे बळी झाले त्यांपैकीं मांग समाजांत १९२० सालीं वाटेगांवीं जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनीं ‘स्मशानांतील सोनें’ ही कथा लिहिली. तिचें स्थळ याच साष्टी बेटावरील मुंबईचें उपनगर. दगडाची खाण बंद पडते आणि तेथें राबणारा भीमा बेकार होतो. स्मशानांतील राखेंत त्याला सोनें सांपडतें. मग तो रात्रीं पुरलेलीं प्रेतें उकरूं लागतो; एका प्रेतासाठीं कोल्ह्यांशीं झुंजतो. अखेर प्रेताच्या जबड्यांत त्याचीं बोटें अडकतात व पुढें तीं कापावीं लागतात. त्याच दिवशीं खाण पुन्हां सुरू झाल्याची वार्ता येते.

या कथेंत स्मशान आहे, काळोख आहे, प्रेत आहे. भूत मात्र नाहीं. भीमाला मेलेल्यांचें भय वाटत नाहीं. त्याला भय आहे तें उपाशी पोरीच्या तोंडाकडे पाहण्याचें.

पोर्तुगीज राज्यांतील गुलामगिरी १८६९ च्या हुकुमानें रद्द झाली; अस्पृश्यता भारताच्या राज्यघटनेनें १९५० सालीं नष्ट केली. हुकुमानें प्रथा उठते. मनांतील उच्चनीचता मात्र मागें रेंगाळते, आणि खरें पिशाच्च तेंच होय. दिवा लावल्यानें तें पळत नाहीं. त्याला नांवानें हांक मारावी लागते. उत्तम भयकथा हेंच धाडस करते, आणि तिचें पुस्तक मिटलें तरी वाचकाची सुटका होत नाहीं.