डोंगर चालण्याचा नेम

(मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यात, चोपडा येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर विवाहातील खर्च, मुलांचे शिक्षण, वसतिगृहाची इमारत इत्यादी विषयांवर पुष्कळ बोलले गेले आहे, आणि ते बोलणाऱ्यांची योग्यता माझ्याहून मोठी होती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना पाढे आणि नकाशे शिकवून निवृत्त झालेला मास्तर. चिटणीसांनी माझा विषय विचारला तेव्हा 'पायी चालणे' असे मी सांगितले आणि ते हसले. ज्या गावात भाजी आणावयासही मोटारसायकल काढतात तेथे हा विषय विनोदी वाटावा हे साहजिकच आहे.

परंतु या विषयाला कारण घडले आहे. गेल्या मेळाव्यात काही तरुणांनी सूचना केली की, मंडळातर्फे दरवर्षी सातपुड्यात पदभ्रमण काढावे. त्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "याने काय साधणार?" दुसऱ्यांनी बजावले की, मुले जावोत, मुली जाणार नाहीत. तिसरे, स्वतः तरुण, उत्साहाने म्हणाले की, शर्यत ठेवू आणि बक्षीस देऊ. सूचना तशीच राहिली. मला या तिघांनाही उत्तर द्यावयाचे आहे. तिसऱ्यांना थोडे अधिक.

चोपड्यात कोणाच्याही गच्चीवर उभे राहिले असता उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ दिसते. आपली बहुसंख्य मुले ती रेघ पाहूनच मोठी होतात आणि पुण्यामुंबईस जातात. भूगोलाच्या पेपरात अस्तंभ्याची उंची १३२५ मीटर, तोरणमाळची १०३६ मीटर, गाविलगडच्या डोंगरातील बैराटची ११७७ मीटर असे बिनचूक लिहिणारी शेकडो मुले माझ्या हाताखालून गेली. त्यांपैकी हजार मीटर चढणे म्हणजे गुडघ्यांना काय वाटते हे ठाऊक असलेली बोटांवर मोजण्याइतकीच.

वास्तविक चालणे हे खानदेशाला नवे नाही. चैत्र लागला की आपल्या गावोगावची माणसे भर उन्हात सप्तशृंगगडाकडे पायी निघतात. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याहून चांदसैलीच्या घाटाने हजारो लोक अस्तंभ्याच्या यात्रेस जातात. डोक्यावरील जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा त्या डोंगरात फिरतो अशी श्रद्धा आहे. त्यापलीकडे नर्मदा, आणि तिची परिक्रमा. गो. नी. दांडेकरांनी ती पायी केली हे वाचकांस ठाऊकच आहे. ही सर्व चालणी कठीण आहेत. त्यांपुढे आजची साहसे काहीच नव्हेत. मात्र त्यांतील बहुतेकांचा आधार नवस हा आहे. नवसात देवाशी एक करार असतो आणि काम झाले की तो फेडावयाचा असतो. मी आज बोलणार आहे ते नेमाविषयी. नेमात दुसरा पक्षच नसतो. आपण आपल्यासाठी एक मोजके कठीण काम ठरवितो, ते पार पडले तर बक्षीस नाही आणि न पडले तर कोप नाही.

आणि पैज? पैजेत दुसरा पक्ष फार मोठा असतो, हीच तिच्यातील अडचण. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. तेथे हल्ली तरुण हातातील यंत्रावर मिनिटे मोजीत धावतात आणि वर पोहोचताच छायाचित्र घेऊन लगेच उतरू लागतात. कात्रजपासून सिंहगडापर्यंत रात्रभर एकामागून एक डोंगर ओलांडण्याचा पुण्यातील प्रघात मला स्वतःला फार आवडतो. परंतु तोही 'किती तासांत' या एका प्रश्नात अडकला तर त्या रात्रीचे काय उरले? शिवाय पैज लावलेला मनुष्य परत फिरू शकत नाही. पावसाळ्यात डोंगरात होणाऱ्या अपघातांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यांतील कित्येकांच्या मुळाशी 'आता माघारी कसे फिरायचे' ही भिडच असावी असे मला वाटते.

यासंबंधी स्कॉटलंडातील एक उदाहरण मला फार बोधप्रद वाटते. ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने १८९१ साली आपल्या देशातील ३००० फुटांहून उंच डोंगरांची यादी प्रसिद्ध केली. लोकांना वाटे असे डोंगर थोडेच असतील. ते निघाले पावणेतीनशेहून अधिक! पुढे दुरुस्त्या होऊन आज ही संख्या २८२ मानतात. ही यादी झाली आणि लोकांना नेम सापडला: यांतील सर्व डोंगर एकदा तरी चढावयाचे. १९०१ मध्ये रॉबर्टसन नावाच्या धर्मोपदेशकाने ती पुरी केल्याचे मानले जाते. त्यानंतर हजारो सामान्य स्त्रीपुरुषांनी, कोणी दहा वर्षांत, कोणी चाळीस वर्षांत, ती पुरी केली. खुद्द मन्रो मात्र १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे थोडे डोंगर राहूनच गेले होते. म्हणून कोणी त्यांना हसले नाही. उलट त्या डोंगरांना आज त्यांचेच नाव आहे. आपल्या तालुक्यातील टेकड्यांची आणि नाल्यांची अशी यादी कोणा विद्यार्थ्याने केली तर मी त्याला पदरचे एक पारितोषिक देईन. (शर्यतीला विरोध करणारा मास्तर स्वतः बक्षीस लावतो, असे कोणी म्हणू नये. हे बक्षीस लिहिण्याचे आहे.)

माझा स्वतःचा नेम अगदी साधा आहे. निवृत्तीनंतर दर रविवारी पहाटे निघावयाचे आणि गेल्या महिन्यापेक्षा एक किलोमीटर अधिक चालावयाचे, असे मी ठरविले. अंतर मोजण्यासाठी यंत्र घेतले नाही. सडकेवरील दोन किलोमीटर-दगडांमधील पावले मोजली, ती १५४० भरली. म्हणजे माझे एक पाऊल ६५ सेंटिमीटरचे. हजार पावले झाली की डाव्या खिशातील एक खडा उजव्या खिशात टाकावयाचा. असे करता करता दुसऱ्या वर्षी मी वीस किलोमीटरांपर्यंत आलो आणि तेथेच थांबलो, कारण त्यापुढे दुसऱ्या दिवशी घरच्यांना माझी सेवा करावी लागू लागली. नेम हा घरच्यांच्या खर्चाने पाळावयाचा नसतो.

चढाचा हिशेब निराळा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम सांगितला: दर तीन मैलांस एक तास, आणि दर २००० फूट चढास आणखी एक तास. आपल्या मापाने सुमारे पाच किलोमीटरांस एक तास आणि ६०० मीटर चढास एक तास. म्हणजे बारा किलोमीटरांची वाट असून तीत ६०० मीटर चढ असेल, तर अंतरासाठी २ तास २४ मिनिटे, चढासाठी १ तास, एकूण ३ तास २४ मिनिटे. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि थंड देशाचा आहे. विश्रांती त्यात धरलेली नाही. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. मी हिवाळ्यातदेखील दीडपट वेळ धरतो आणि मुले बरोबर असतील तर दुप्पट. निघण्यापूर्वी हे गणित कागदावर मांडावे, आणि त्याच कागदावर परतीची वेळ लिहावी. ती वेळ झाली की शिखर हाताच्या अंतरावर असले तरी वळावयाचे. माझ्या मते नेमाचा सर्वांत कठीण भाग हाच आहे.

आता जंगलाविषयी. आपल्या शेजारचे यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. पूर्वेस मेळघाटात गुगामळ राष्ट्रीय उद्यान आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे बाग नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा क्षेत्रात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही, शस्त्र नेता येत नाही, आग लावता येत नाही. आणि राष्ट्रीय उद्यानात तर गुरे चारण्यासही मनाई आहे. काही तरुणांना हे नियम म्हणजे आपल्या साहसावरील बंधन वाटते. पण तेथील खरा रहिवासी आपण नव्हे. मोहाची फुले गळू लागली की अस्वल पहाटे झाडाखाली येते. त्याला आपली चाहूल उशिरा लागते आणि दचकून ते अंगावर येते. फुले वेचावयास जाणाऱ्या पावरा आणि तडवी बांधवांना हे ठाऊक असते. म्हणून वाटाड्या तेथलाच घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नये. मोठ्याने गाणी लावून चालणारी मंडळी जंगलातून पाचोळ्याखेरीज काहीही न पाहता परत येतात.

मुलींविषयी दोन शब्द. आपल्या आज्या चैत्रात गडावर पायी जात, तेव्हा त्यांना कोणी अडविले नाही. शेतातून डोक्यावर गवताचा भारा घेऊन येणाऱ्या स्त्रीला आपण 'तुला झेपेल का' असे विचारीत नाही. नात सातवीत गेली की मात्र तिच्या चालण्याची आपल्याला एकदम काळजी वाटू लागते! ती काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यावर उपाय असा की, मुलीची आई, मावशी किंवा आत्याही बरोबर निघावी. आमच्या सूनबाईंनी प्रथम हसण्यावारी नेले आणि आता त्या माझ्यापुढे चालतात.

"याने काय साधणार?" असे विचारणाऱ्या गृहस्थांना सांगावयाचे ते थोडे आहे. गांधीजी दांडीस निघाले तेव्हा त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली होती. विनोबांनी, ज्यांची गीताप्रवचने १९३२ साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात झाली, १९५१ मध्ये भूदानाची पदयात्रा सुरू केली ती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. त्यांच्या कार्याशी आपल्या रविवारच्या फेरफटक्याची तुलना करण्याचा वेडेपणा मी करीत नाही. परंतु पन्नाशीत मधुमेहाची गोळी घेऊन दुकानाच्या गादीवर बसून राहणे हे आपल्या समाजाचे प्रारब्ध आहे, असेही मी मानीत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. यंदा मार्गशीर्षात, थंडी पडल्यावर आणि नाल्यांना पाणी असतानाच, पहिले चालणे अडावदहून उनपदेवपर्यंत करावे. वाट सोपी आहे आणि शेवटी उन्हाळ्याच्या पाण्यात पाय शेकावयास मिळतील. ज्यांना ते जमेल त्यांनी पौषात आडगावहून मनुदेवीस जावे. पाल येथील अभयारण्यातील चालणे तिसरे. त्यासाठी वनखात्याची परवानगी आधी काढावी लागेल आणि ते काम मी अंगावर घेतो. वेळेची नोंद कोणाचीही होणार नाही, पहिला कोण आला हे छापले जाणार नाही. प्रत्येकाने निघण्यापूर्वी आपला नेम चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यावा आणि परत आल्यावर ती चिठ्ठी घेऊन जावी. मी ती उघडणार नाही.

नावे कार्तिकी एकादशीपर्यंत चिटणीसांकडे द्यावीत. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, भाकरी, गूळ आणि मुठभर शेंगदाणे असावेत. यासाठी नवे बूट कोणी विकत घेऊ नयेत. पायाला बसलेले जुनेच बरे.