इंग्रजी उच्चार आणि यंत्राचा कान



शिक्षकाचा उच्चार हा एकट्या त्याचा नसतो. पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरींत जितकीं मुलें त्याच्या हाताखालून जातात, तितक्यांच्या जिभेवर तो बसतो. महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून मराठी शाळांतून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविलें जातें. म्हणून अध्यापक विद्यालयांतील उमेदवार शिक्षकांच्या उच्चाराचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या कामीं कृत्रिम बुद्धीचें साह्य कितपत घेतां येईल, हें आज पाहूं.

प्रथम अडचण कोठें आहे तें ध्यानांत घेतलें पाहिजे. इंग्रजींत ‘व्ही’ या अक्षराच्या ध्वनीसाठीं वरचे दांत खालच्या ओंठास टेकतात. ‘डब्ल्यू’साठीं दोन्ही ओंठ गोल होतात. मराठींत बहुधा दोहोंचें काम एकटा ‘व’ करतो. त्यामुळें ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बंडी, यांचा घोटाळा होतो. तीच गोष्ट आघाताची. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असतां जोर पहिल्या अवयवावर पडतो, क्रियापद असतां दुसऱ्यावर. मराठींत आघातानें शब्दाची जात बदलत नाहीं. म्हणून हा भेद आपल्या कानांस सहसा जाणवत नाहीं. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ सालीं निघाला. कोश योग्य उच्चार दाखवील. पण वाचणाऱ्याचा उच्चार तो ऐकणार कसा?

येथें यंत्र उपयोगीं पडतें. फोनपुढें वाक्य म्हटलें, कीं तें आवाजाचे सूक्ष्म तुकडे पाडतें, पूर्वीं ऐकलेल्या असंख्य आवाजांशीं ते ताडून पाहतें, आणि कोणता ध्वनि बिघडला तें सांगतें. चाळीस जणांच्या वर्गांत एकेकाचें वाक्य दहा दहा वेळां ऐकणें कोणाहि अध्यापकास शक्य नाहीं. यंत्र कंटाळत नाहीं, आणि हसतहि नाहीं. चारचौघांत तोंड उघडण्यास लाजणाऱ्या उमेदवारास हा केवढा दिलासा!

परंतु यंत्राचा कान निर्दोष नव्हे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं बोललेलें लिहून घेणारीं पांच मोठ्या कंपन्यांचीं यंत्रें तपासलीं. निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाले. गोऱ्या वक्त्यांच्या शंभर शब्दांमागें सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीय वक्त्यांच्या ३५. दोघांचीहि मायबोली इंग्रजीच! तात्पर्य, ज्या धाटणीचें बोलणें यंत्राच्या कानावरून कमी गेलें, तें त्यास चुकीचें वाटतें. मग मराठी वळणाचें इंग्रजी नापास करण्यास त्यास किती वेळ लागणार? आणि यंत्रानें नापास केलेला उमेदवार वर्गांत इंग्रजी बोलण्याचेंच टाळूं लागला, तर नुकसान मुलांचें.

म्हणून माझी सूचना अशी. रोज पंधरा मिनिटें अभ्यास, आणि आठवड्यास एकच ध्वनि. यंत्रानें दाखविलेला दोष आपल्या अध्यापकास ऐकवावा. ज्यानें अर्थ बदलतो तो दोष अवश्य काढावा. जें नुसतें मराठी वळण आहे, त्याची लाज बाळगूं नये. महिन्याअखेर खरी परीक्षा पाठशाळेंतील मुलांपुढें द्यावी: आपण दहा शब्द उच्चारावे, आणि मुलांनीं ऐकले तसे लिहावे. त्यांच्या पाट्या जें सांगतील, तें यंत्राच्या गुणांहून अधिक विश्वासाचें मानावें.